अडवलेले पाणी कोणाच्या वाट्याला?

उन्हाळा तोंडावर आला की जळगाव काय आणि धुळे काय, महापालिकेचे आवाहन ठरलेले असते : पाणी जपून वापरा. २२ मार्चला जागतिक जलदिन साजरा होतो, शाळकरी मुलांची फेरी निघते, भिंतींवर ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ रंगवले जाते, अधिकारी-पदाधिकारी हात पुढे करून जलप्रतिज्ञा घेतात. यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. पाण्याचा थेंब वाचला तर तो हवाच आहे. प्रश्न एवढाच की, हे आवाहन नेमके कोणाला उद्देशून केले जाते आणि वाचलेला थेंब शेवटी कोणाच्या घरात पडतो?

सात माणसांच्या घरात दोन ड्रम आणि चार हंडे एवढाच ज्या माउलीचा साठा, तिने पाणी आणखी किती जपायचे? तांदूळ धुतलेले पाणी ती तुळशीला नाही तर शेवग्याला घालते, कपड्यांचे पाणी अंगणात मारते, अंघोळीच्या बादलीत पोरांचे दोन नंबर लावते. तिला बचतीचा धडा देणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे महत्त्व सांगणे होय. आणि ज्याच्या बंगल्यात जमिनीखाली टाकी, गच्चीवर टाकी, अंगणात बोअर आणि दारात नळीने धुतली जाणारी गाडी आहे, तोही हेच आवाहन वाचतो, मान डोलावतो आणि नळी चालूच ठेवतो.

जलसंधारणाचे फायदे शहराला आहेत, शहरात राहणाऱ्या प्रत्येकाला आहेत, हे मान्य करूनच येथे एक मुद्दा मांडायचा आहे. ‘अडवा’ आणि ‘जिरवा’ या दोन शब्दांना ‘वाटा’ हा तिसरा शब्द जोडला नाही, तर जलसंधारणाचा सारा फायदा ज्यांच्याकडे आधीच पाणी आहे त्यांच्याच टाकीत साठणार आहे. आंबेडकरी चळवळीने या विषयाकडे ‘हा धरणवाल्यांचा, शेतीवाल्यांचा, संस्थावाल्यांचा विषय’ म्हणून पाहणे परवडणारे नाही. ज्या चळवळीचा पहिला मोठा लढा तळ्याच्या काठावर झाला, तिने पाण्याचा हिशेब दुसऱ्याच्या हाती का द्यावा?

फायदा खरा आहे

खानदेशातील पाणी महाग आहे, कारण ते सहज मिळत नाही. धुळे जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. धुळ्याकडे वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर, जळगावकडे त्याहून थोडा अधिक पाऊस पडतो. तोही मोजक्या दिवसांत कोसळून मोकळा होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि उघड्या तलावातले पाणी डोळ्यांदेखत वाफ होऊन उडते. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात धुळे व जळगाव जिल्ह्यांतील तालुके होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी धुळ्यात येऊन पांझरेवरील अक्कलपाडा म्हणजेच निम्न पांझरा प्रकल्पाचे लोकार्पण केले आणि अमृत योजनेतून होणाऱ्या धुळे शहर पाणीपुरवठा योजनेची पायाभरणी केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पांझरेला मोठा पूर आला. सहा महिन्यांच्या आत दुष्काळही बघायचा आणि पूरही बघायचा, हे खानदेशच्या नशिबात लिहिलेले नाही; ते नियोजनात लिहिलेले आहे.

जळगाव शहर वाघूर धरणाच्या पाण्यावर जगते. धुळे शहराची तहान तापीवरून उचलून आणलेले पाणी, नकाणे व डेडरगाव हे तलाव आणि अक्कलपाडा धरण यांच्यावर भागते. पाणी दुरून पंपाने ढकलत आणायचे म्हणजे विजेचे बिल आले. हजार लीटर पाणी शंभर मीटर उंच चढवायला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते. अशी लाखो लीटर पाण्याची चढण महापालिका रोज चढते आणि त्यातले कितीतरी पाणी फुटक्या जलवाहिनीतून रस्त्यावर सांडते. म्हणजे वाया जाते ते पाणीही आणि त्यावर खर्च झालेली वीजही, आणि दोन्हींचे पैसे पाणीपट्टी भरणाराच देतो.

म्हणून शहरी जलसंधारणाचा पहिला अर्थ गळती बंद करणे हा आहे. देशातील अनेक शहरांत शुद्ध केलेल्या पाण्यापैकी एक तृतीयांशाच्या आसपास पाण्याचा हिशेबच लागत नाही. काही गळते, काही चोरले जाते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या अमृत २.० योजनेत हे प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. नवे धरण बांधायला वीस-तीस वर्षे लागतात. जुना पाइप बदलायला एक उन्हाळा पुरतो. गळती थांबली तर त्याच धरणात, त्याच पंपावर, अधिक घरांना पाणी पोहोचते. शहराचा याहून स्वस्त फायदा दुसरा नाही.

साठवण हीच मालमत्ता

धुळ्यात आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येण्याचा काळ लोकांनी भोगला आहे. जळगावकरांना एक-दोन दिवसांआड पाण्याची सवय वर्षानुवर्षे लावली गेली. प्रशासन म्हणते, आम्ही भेदभाव करत नाही. सर्व भागांना सारखाच वेळ पाणी सोडतो. वरवर पाहता ही समता वाटते. ती तपासून पाहिली पाहिजे.

नळाला एक तास पाणी आले. बंगल्यातील माणसाने मोटार लावून दहा हजार लीटरची टाकी भरून घेतली. पुढचे आठ दिवस त्याच्या घरी चोवीस तास पाणी आहे. वस्तीतल्या माणसाने दोन ड्रम, चार हंडे, एक बादली भरली. त्यापुढे त्याला पाणी हवे असले तरी ठेवायला जागा नाही. वेळ सारखा, नळ सारखा, पाणीपट्टीही जवळपास सारखी, पण मिळालेले पाणी दहापट कमी-जास्त. दिवसांआडच्या पाणीपुरवठ्यात साठवण हीच मालमत्ता होऊन बसते. ज्याच्याकडे जागा, टाकी आणि मोटार आहे, त्याला टंचाई जाणवतच नाही. त्यातून मोटारीने पाणी खेचले की त्याच वाहिनीवरील शेवटच्या घरातील नळ नुसता हवा सोडतो. आणि शेवटचे घर बहुतेक वेळा कोणत्या वस्तीत असते, हे वाचकांना सांगायला नको.

या पद्धतीत पाण्याची नासाडीही होते. पाणी कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून प्रत्येक घर गरजेपेक्षा अधिक भरून ठेवते आणि नवे पाणी आले की ‘शिळे’ म्हणून जुने गटारीत ओतते. तोट्या नसलेल्या नळांतून पाणी सुटले की वाहतच राहते. साठवलेल्या पाण्यात डासांची पैदास होते आणि डेंग्यूची साथ आली की सगळ्यांत आधी वस्तीतले लेकरू तापाने फणफणते. पाण्याची वाट पाहत थांबलेल्या बाईची एक दिवसाची मजुरी बुडते. ती कोणत्याही ताळेबंदात लिहिली जात नाही. पाणी रोज आले, ठरल्या वेळी आले, तर साठवायचे कारण उरत नाही आणि ओतून देण्याचेही. गळती रोखून दोन पाळ्यांतील अंतर कमी करणे, हा जलसंधारणाचा गरिबाला मिळणारा पहिला रोख फायदा आहे.

एकशे पस्तीस आणि चाळीस

केंद्र सरकारच्या पाणीपुरवठाविषयक १९९९ च्या नियमपुस्तिकेत एक कोष्टक आहे. भुयारी गटार असलेल्या शहरात दरडोई दररोज १३५ लीटर पाणी, गटार नसलेल्या गावात ७० लीटर आणि सार्वजनिक नळावरून पाणी भरणाऱ्याला ४० लीटर. शहर एक, धरण एक, आणि माणसाची मापे मात्र वेगवेगळी! ज्याला घरात नळ आहे तो १३५ चा माणूस. ज्याला घरात नळ नाही तो ४० चा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले होते. ती विषमता लीटरमध्ये मोजायची झाली तर हे कोष्टक पुरेसे आहे. हे कोष्टक जात पाहून केलेले नाही, हे खरे. पण घरात नळ कोणाला आहे आणि चौकातल्या नळावर रांग कोणाची आहे, हे पाहिले की कोष्टकाच्या मागे उभे असलेले गाव दिसू लागते.

छप्पर कोणाचे?

आता पावसाच्या पाण्याकडे येऊ. हिशेब सोपा आहे. शंभर चौरस मीटरचे पक्के छत आणि सहाशे मिलिमीटर पाऊस धरला तर त्या छतावर वर्षाला साठ हजार लीटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे समजले तरी अठ्ठेचाळीस हजार लीटर उरते. पाच माणसांच्या घराला दररोज दोनशे लीटर या हिशेबाने हे पाणी दोनशे चाळीस दिवसांचे झाले. एवढे पाणी साठवायला टाकी परवडत नाही, हे कबूल. म्हणूनच ते गाळून विहिरीत, बोअरमध्ये किंवा शोषखड्ड्यात सोडायचे असते. त्यामुळे परिसरातील विहिरींची पातळी टिकते, टँकर उशिरा सुरू करावे लागतात, आणि पावसाळ्यात गटारी तुंबून खोलगट भागातील घरांत पाणी शिरणेही कमी होते.

कायदा याबाबतीत मुका नाही. २००५ पासून राज्यातील शहरांत ठरावीक मापाच्या वरच्या भूखंडावरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संकलन सक्तीचे झाले. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही ती सक्ती कायम आहे आणि यंत्रणा न ठेवणाऱ्यास दर शंभर चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कागदावर सगळे ठीक. नकाशात पाइप दाखवायचा, भोगवटा प्रमाणपत्र घ्यायचे आणि पुढे तो पाइप गटारीत सोडून द्यायचा, ही पद्धत कोणत्या शहरात नाही? आपल्या शहरात या दंडापोटी किती रुपये वसूल झाले, एवढा एकच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारावा. उत्तरावरून जलप्रतिज्ञेचा खरेपणा कळेल.

वस्तीतील पंचवीस चौरस मीटरच्या घराला हा नियम लागू होत नाही आणि व्हायलाही नको. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्याकडून आधी पुनर्भरणाची अपेक्षा करणे ही थट्टा होईल. ज्याचे छप्पर मोठे, त्याची जबाबदारी मोठी. जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालय, महाविद्यालये, बसस्थानके, मंगल कार्यालये, मॉल यांच्या छतांपासून सुरुवात झाली पाहिजे. वसूल झालेला दंड वस्त्यांतील नळजोडण्यांसाठीच खर्च व्हावा, अशी तजवीजही केली पाहिजे. तसे झाले तर कायदा मोडणाऱ्याच्या खिशातून वस्तीला पाणी मिळेल.

जमिनीखालचे पाणी कोणाचे?

खानदेशची जमीन एकसारखी नाही. तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत गाळाचे जाड थर आहेत. रावेर-यावलच्या केळीने याच थरांतून इतके पाणी ओढले की भूजलाच्या अतिउपशासाठी या तालुक्यांचे नाव घेतले जाते. दक्षिणेकडे आणि धुळ्याकडे काळा कातळ आहे. कातळात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. हा साठा उथळ असतो; पावसाळ्यात लवकर भरतो, उन्हाळ्यात लवकर संपतो. अशा जमिनीत एकाने तीनशे-चारशे फूट बोअर मारले की ते शेजारच्या उथळ विहिरीचेच पाणी ओढते. बोअरवाल्याला वाटते आपल्याला पाणी लागले. वस्तीतल्या सार्वजनिक विहिरीला कळत नाही की आपण आटलो कशाने.

शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली आणि तत्कालीन आमदार अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळाने नाले रुंद व खोल करून त्यांवर सिमेंट बंधारे बांधण्यात आले. अनेक गावांच्या विहिरींना पाणी आले, हे मान्य केले पाहिजे. पण शिरपूरच्या भूगर्भाचा अभ्यास करून केलेले काम ‘पॅटर्न’ म्हणून जेथे कातळ आहे तेथेही डोळे मिटून राबवणे चुकीचे आहे, असा इशारा जाणकारांनी दिला होता. पुढे जलयुक्त शिवार अभियान आले. महालेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालाने ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढविण्यात या अभियानाचा फारसा परिणाम दिसला नाही, असे नमूद केले. पोकलेन चालले, बिले निघाली, पाणी मात्र सगळीकडे थांबले नाही. आधी जमीन ओळखा, मग खोदा, हा धडा शहरांनीही घ्यावा. भरमसाट शोषखड्डे खणून फोटो काढण्यापेक्षा भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून जागा ठरवून घ्याव्यात.

गिरणा, तापी, पांझरा, बोरी या नद्यांच्या पात्रातील वाळू हीसुद्धा पाण्याची टाकीच आहे. वाळूच्या थरात पाणी धरून राहते, उन्हापासून वाचते आणि काठच्या विहिरींना मिळते. ही वाळू रात्रीच्या अंधारात डंपर भरभरून नेली जाते. एका हाताने बंधारे बांधायचे आणि दुसऱ्या हाताने नदीची टाकी उपसू द्यायची, याला जलसंधारण म्हणत नाहीत.

येथे कायद्याचा एक प्रश्न आहे. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाने जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क मानला. म्हणजे ज्याची जमीन त्याचे पाणी. ज्याला जमीन नाही त्याला पाणीही नाही. इतिहासाने ज्यांना भूमिहीन ठेवले, त्यांना कायद्याने पाणीहीनही ठेवले. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ पासून लागू झाला आणि त्याने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आणले. दिशा योग्य आहे. पण या कायद्याची ओळख बोअर मारणाऱ्या गाडीवाल्यालाही नाही आणि ती करून देण्याची घाईही कोणाला दिसत नाही.

फडाचा धडा आणि त्याची मर्यादा

पाणी वाटून घेण्याची अक्कल खानदेशला बाहेरून आणावी लागत नाही. पांझरा नदीवरील फड पद्धती काही शतकांची आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात एकच पीक. शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली. पाणी द्यायला पाटकरी नेमलेला. पाऊस कमी झाला तर कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडा ठेवायचा हे पंच ठरवत, त्यामुळे तूट सगळ्यांत वाटली जाई. टंचाई एकट्याच्या डोक्यावर पडत नसे.

ही व्यवस्था कौतुकास्पद आहे, पण तिच्यापुढे हात जोडून थांबता येणार नाही. ज्याची फडात जमीन नाही त्याचा फडाच्या पाण्यावर हक्क नव्हता. समता होती ती जमीनवाल्यांपुरती. ही उणीव भरून काढणारा प्रयोग पुढे पुरंदर तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिचे सूत्र होते : पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात द्यायचे, उसाला पाणी नाही, आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांच्या सत्याग्रहात खानदेशची माणसे तुरुंगात गेली, ती जमिनीसाठी. पाणी पंचायतीने दाखवले की जमीन मिळेपर्यंत पाण्याच्या वाट्याला थांबायची गरज नाही. शहराला हेच सूत्र लावायचे : माणशी पाणी.

चवदार तळ्यापासून वाकडीपर्यंत

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यापूर्वी १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव मंजूर केला होता, महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव होते, पाणी नव्हते. पुढे स्पृश्यांनी कोर्टात दावा लावला तो तळे खासगी मालकीचे आहे या मुद्द्यावर. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्याच वर्षी ३१ जुलैला बाबासाहेब खटल्याच्या कामानिमित्त धुळ्याला आले आणि लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यात थांबले. दरवर्षी त्या दिवशी हजारो पावले तेथे वळतात.

चवदार तळ्याच्या दाव्यातला ‘खासगी’ हा शब्द आजही जिवंत आहे. जून २०१८ मध्ये जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यातील वाकडी येथे विहिरीत पोहल्याच्या कारणावरून मातंग समाजातील अल्पवयीन मुलांना विवस्त्र करून मारहाण झाली आणि तिची चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली. महाडनंतर एक्याण्णव वर्षांनी! पाणी अडवा-जिरवा म्हणणाऱ्या प्रत्येकाने वाकडीची विहीर डोळ्यांपुढे ठेवावी. विहीर भरली म्हणजे गाव सुधारले असे होत नाही.

संविधानाच्या अनुच्छेद १५(२) ने राज्याच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणतीही आडकाठी निषिद्ध केली. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. सार्वजनिक पाणवठा वापरण्यास अटकाव करणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. सरकारी निधीतून झालेला प्रत्येक बंधारा, खोल केलेला प्रत्येक तलाव, पुनर्भरण झालेली प्रत्येक सार्वजनिक विहीर अनुच्छेद १५(२) च्या कक्षेत येते, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावी.

शहरातील वस्त्यांसाठी १५ डिसेंबर २०१४ चा मुंबई उच्च न्यायालयाचा पाणी हक्क समितीच्या याचिकेवरील निर्णय महत्त्वाचा आहे. झोपडी अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणीच नाकारता येत नाही, कारण पाणी हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. मात्र अधिकृत घरांच्या बरोबरीने पाणी मागता येणार नाही, दरही जादा आकारता येईल, असेही त्याच निर्णयात आहे. दार उघडले, पण अर्धेच. उरलेले अर्धे दार उघडणे हे वकिलांचे आणि चळवळीचे काम आहे. पैसे नाहीत ही पालिकेची सबब चालणार नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात १९८० सालीच बजावले आहे.

आणखी एका गोष्टीची आठवण ठेवावी. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेल्या वादात सांगितले आहे. पाण्यासाठी युद्ध नको, वाद सामोपचाराने मिटवा, ही भूमिका संघापुढे मांडली म्हणून सिद्धार्थाला घर सोडावे लागले. आणि हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूर मंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेला दिशा देत होते. १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग त्यांच्याच कारकिर्दीत उभा राहिला, तोच आजचा केंद्रीय जल आयोग. पाण्याचा हक्क आणि पाण्याचे नियोजन या दोन्हींचा वारसा आपल्याकडे आहे. पहिला आपण दरवर्षी साजरा करतो. दुसरा अजून हाती घ्यायचा आहे.

सांडपाणी आणि ते वाहणारे हात

शहराला मिळालेल्या पाण्यातील बहुतांश भाग सांडपाणी होऊन नाल्यात आणि पुढे नदीत जातो. जानेवारी २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणानुसार सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतील औष्णिक वीज केंद्रांनी प्रक्रिया केलेले पाणी वापरणे बंधनकारक आहे. नागपूरचे सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते. भुसावळजवळचे दीपनगर जळगावपासून या अंतराच्या आतच आहे. वीज केंद्राला सांडपाणी गेले की तेवढे तापीचे पाणी पिण्यासाठी मोकळे होते. यात कोणाचे नुकसान नाही.

पण सांडपाण्याचा विषय निघाला की त्यात उतरणाऱ्या हातांचाही निघाला पाहिजे. नाले, गटारी, चेंबर साफ करणारे कंत्राटी कामगार कोणत्या समाजाचे आहेत? २०१३ च्या कायद्याने माणसाला गटारात उतरवण्यास बंदी घातली. गटारात मृत्यू झाल्यास तीस लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. पाण्याच्या पुनर्वापराच्या प्रत्येक निविदेत यंत्राची अट आधी असावी. शहराचे पाणी वाचवताना माणसाचा जीव खर्ची पडता कामा नये.

काय मागायचे?

मागणी नेमकी असली की प्रशासनाला पळवाट सापडत नाही. पहिली मागणी, प्रभागनिहाय पाण्याचा ताळेबंद. कोणत्या प्रभागाला किती दिवसांनी, किती वेळ, माणशी किती लीटर पाणी दिले, हे महापालिकेने दर महिन्याला जाहीर करावे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अशी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करणे हे तिचे कर्तव्यच आहे. दुसरी, गळती रोखून वाचलेले पाणी आधी वाहिनीच्या शेवटच्या टोकाला द्यावे आणि थेट मोटार लावणाऱ्यावर कारवाई करावी. तिसरी, ज्या घरांत टाकी ठेवायला जागा नाही अशा प्रत्येक वस्तीत सामाईक टाकी आणि पुरेशा तोट्या बसवाव्यात, म्हणजे साठवण ही श्रीमंताची मालमत्ता राहणार नाही. अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी येणारा निधी कमानी आणि पेव्हर ब्लॉकमध्ये जिरवण्याआधी या टाकीत जिरू द्या. चौथी, पाणीपट्टी टप्प्याटप्प्याने चढणारी असावी : गरजेपुरते पाणी स्वस्त, चैनीचे महाग.

आणि काही गोष्टी मागण्याच्या आधी आपल्या आपणच करायच्या आहेत. जळगाव-धुळ्यातील वस्त्यांत बुद्ध विहारे आहेत, समाज मंदिरे आहेत. दोनशे चौरस मीटरच्या विहाराच्या छतावरून सहाशे मिलिमीटर पावसात पाचवा हिस्सा वजा जाता शहाण्णव हजार लीटर पाणी मिळते. ते गाळून वस्तीच्या विहिरीत, हातपंपाजवळ सोडायला एका जयंतीच्या मंडपाइतकाही खर्च येत नाही. वर्षावासात विहारात धम्मग्रंथाचे वाचन होते, तेव्हाच पाऊसही पडत असतो. छतावरचे पाणी वाया जाऊ न देता खाली वाचन चालू राहिले, तर रोहिणीच्या काठावरची ती गोष्ट वस्तीतल्या पोरांना न सांगता कळेल. मग महापालिकेच्या दारात जाऊन ‘तुमच्या छतांचे काय?’ असे विचारण्याचा अधिकार आपोआप येतो.

येत्या ३१ जुलैला लांडोर बंगल्याकडे निघणाऱ्या प्रत्येक मंडळाने आपल्या प्रभागाचा पाण्याचा ताळेबंद सोबत आणावा. किती घरे, किती माणसे, किती दिवसांनी पाणी, माणशी किती लीटर. अभिवादनानंतर हे सगळे आकडे एकत्र मांडले की दोन्ही शहरांचा नकाशा तयार होईल आणि त्यात कोरडे कोण आहे ते स्पष्ट दिसेल. चवदार तळ्यावर आपण पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळवला. आता मोजून घ्यायचा आहे तो पाण्यातला वाटा.